घरमालक दिसत का नाही? सिंगापूरच्या भाड्याच्या घरांची गोष्ट



मागच्या महिन्यात अश्दोदहून आमच्या नात्यातल्या एका बाईंचा फोन आला. आई-वडिलांची ठाण्याची खोली रिकामी पडली आहे, भाड्याने द्यायची आहे. त्यांनी विचारलं, "ताई, तुमच्या सिंगापुरात म्हणे मालक भाडेकरूचं तोंडसुद्धा पाहत नाही, सगळा कारभार एजंट करतो. असं का? आणि आम्ही पण तसंच करावं का?"

फोनवर आम्ही थोडक्यात उत्तर दिलं, पण ते आमचं आम्हालाच पटलं नाही. आम्ही तीस वर्षांहून जास्त काळ इथे राहतो. भाडेकरू म्हणून राहिलो, आणि पुढे ठाण्यातल्या आमच्या खोलीचे मालक म्हणून भाडंही घेतलं. दोन्ही बाजूंना मध्ये एजंट होताच. म्हणून म्हटलं, ही गोष्ट नीट मुळापासून सांगावी. ती सिंगापूरपासून नाही, आपल्या कोकणापासूनच सुरू होते.

आपल्याकडचा खोत आणि मेहताजी

आपले पूर्वज शनिवार तेली म्हणून कुलाबा जिल्ह्यातल्या गावागावांत राहत होते. त्या मुलखात जमिनीचा सारा सरकारात भरणारा आणि कुळांकडून वसूल करणारा माणूस म्हणजे खोत. सरकार कुळाला ओळखत नसे, कुळ सरकारला ओळखत नसे. मध्ये खोत उभा. सरकारला ठरलेली रक्कम वेळेवर मिळाली की काम झालं. खोताने कुळाकडून किती घेतलं, कसं घेतलं, याची चौकशी वर कोणी करत नसे. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं संप केला, तो याच खोतीविरुद्ध. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक आणलं, आणि शेवटी १९४९ च्या कायद्याने खोती गेली.

गाव सोडून आपली माणसं मुंबईत आली ती मांडवी, डोंगरी, उमरखाडी, भायखळा या भागांत राहिली. १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मशीद बांधली, तिच्याच आसपास वस्ती वाढली. बहुतेकांच्या खोल्या भाड्याच्या. आमची आजी सांगायची की तिने चाळीत चाळीस वर्षं काढली, पण घरमालक कधी डोळ्यांनी पाहिला नाही. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मेहताजी यायचा, काखेत लांबट वही, खिशात पावतीपुस्तक. छप्पर गळतंय म्हटलं की म्हणायचा, "शेठला सांगतो." पुढच्या महिन्यात विचारलं की म्हणायचा, "शेठला सांगितलं." छप्पर गळतच राहायचं. आजी म्हणायची, मेहताजी वाईट नव्हता, पण त्याच्या हातात काही नव्हतं. आणि ज्याच्या हातात होतं तो समोर येत नव्हता.

ही एवढी गोष्ट लक्षात ठेवा. पुढचं सगळं तिच्यातूनच समजेल.

सिंगापूरचे यहुदी घरमालक

सिंगापुरात यहुदी आले ते मुख्यतः बगदादी, त्यातले बरेच कलकत्त्यामार्गे. सुरुवातीला ही मंडळीही जागा पट्ट्याने घेणारीच होती. इथली पहिली मशीद १८४१ सालची. बोट कीजवळच्या एका दुकान-घरात ती भरायची, आणि ती जागा समाजाच्या तीन विश्वस्तांनी ९९ वर्षांच्या पट्ट्यावर घेतली होती. त्या रस्त्याला आजही सिनेगॉग स्ट्रीट म्हणतात, मशीद मात्र तिथे राहिलेली नाही. १८७८ साली वॉटर्लू स्ट्रीटवर मगेन अबोथ उभी राहिली, ती आजही चालू आहे.

मगेन अबोथ उभारण्यात ज्यांचा मोठा वाटा होता ते मनासे मेयर. बगदादला जन्म, कलकत्त्यात शिक्षण, मग सिंगापुरात अफूचा आणि इतर मालाचा व्यापार. व्यापारातला पैसा त्यांनी जमीन आणि घरांत घातला. १९०५ साली ऑक्सली राइझवर आपल्या बंगल्याच्या आवारात त्यांनी खेसेद-एल ही दुसरी मशीद बांधली. १९०६ साली त्यांना 'सर' ही पदवी मिळाली. १९३० साली ते वारले, तेव्हा शहरातल्या सर्वांत मोठ्या घरमालकांत त्यांची गणना होत होती. कातोंगचा मेयर रोड त्यांच्याच नावाचा. त्या काळात सिंगापुरातली पुष्कळ घरं आणि जमिनी दोन समाजांच्या हाती होत्या, अरब आणि यहुदी. अलसागोफ, अलकाफ, अलजुनीद ही अरब घराणी, आणि मेयर, इलायस ही यहुदी घराणी. प्रसिद्ध रॅफल्स हॉटेलसुद्धा १८८७ साली सुरू झालं ते एका अलसागोफ मालकाचा बंगला आर्मेनियन सार्कीज बंधूंनी भाड्याने घेऊन.

गरीब यहुदी राहायचे ते मिडल रोड, सेलेगी रोड, विल्की रोड या भागात. त्याला 'महल्ला' म्हणायचे, अगदी आपल्या इस्राएल मोहल्ल्यासारखं. सेलेगी रोडच्या कोपऱ्यावरची १९२८ ची डेव्हिड इलायस बिल्डिंग आजही उभी आहे, दर्शनी भागावर मागेन दाविद कोरलेलं. सिंगापूरला आलात तर जरूर बघा. जवळच १९२४ ची एलिसन बिल्डिंग आहे.

आता विचार करा. समाज केवढासा, काही शे माणसांचा. शब्बाथला मालक आणि गरीब भाडेकरू एकाच मशिदीत, एकाच तेबाकडे तोंड करून उभे. रविवारी त्याच माणसाच्या दारात जाऊन दोन महिन्यांचं थकलेलं भाडं कोणत्या तोंडाने मागायचं? आणि भाडेकरूने तरी भरल्या मशिदीत मालकाला गाठून संडास तुंबल्याचं कसं सांगायचं? लहान समाजात ओळख ही सोयही असते आणि अडचणही. म्हणून मध्ये कारकून बरा. त्याने मागितलं तर ते 'ऑफिसने' मागितलं, मालकाने नाही.

मधला माणूस मोठा होतो

पण सिंगापूरच्या चायनाटाऊनमध्ये हा मधला माणूस फार पुढे गेला. तिथल्या दुकान-घरांचे मालक प्रत्येक खोलीचं भाडं गोळा करत बसत नसत. पूर्ण घर एकालाच द्यायचे. तो मुख्य भाडेकरू. तो लाकडी फळ्या ठोकून मजल्यावर कोंदट खोपटी पाडायचा आणि एकेक खोपटं पोटभाड्याने द्यायचा. मालकाला एकाच माणसाकडून एकरकमी भाडं मिळायचं. मुख्य भाडेकरूचं स्वतःचं राहणं फुकटात व्हायचं आणि वर नफा. बोजा सगळा शेवटच्या माणसावर. आपल्या खोताचीच ही शहरी आवृत्ती.

आम्ही नर्स, म्हणून या गोष्टीची दुसरी बाजू आम्हाला जास्त दिसते. १९०७ साली डॉ. सिम्पसन यांचा सिंगापूरच्या आरोग्यस्थितीवरचा अहवाल निघाला. हे गृहस्थ आधी कलकत्त्याचे हेल्थ ऑफिसर होते. त्यांनी घरं आतून तपासली. लांबलचक घर, दोन्ही बाजूंना दुसऱ्याच्या भिंती, मधल्या खोपट्यांना ना खिडकी ना उजेड, आणि त्यात क्षयरोग. घरांच्या मागून गल्ल्या काढा, हवा येऊ द्या, असं त्यांनी सांगितलं. मुंबईत १८९६ च्या प्लेगनंतर दोन वर्षांनी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. सिंगापुरात तसा ट्रस्ट निघायला १९२७ उजाडलं.

खोपट्यात खोकणाऱ्या माणसाने कुणाला सांगायचं? मुख्य भाडेकरूला. त्याने मालकाच्या कारकुनाला. कारकुनाने मालकाला. औषधाची चिठ्ठी तीन हातांतून गेली की मात्रा बदलते, हे कुठलीही नर्स सांगेल. तक्रारीचंही तसंच.

१९४७: दोन शहरं, एकच दुखणं

१९४७ साली मुंबईत भाडेनियंत्रण कायदा झाला आणि भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली गेली. त्याच वर्षी सिंगापुरातही भाडेनियंत्रण आलं आणि भाडी १९३९ च्या पातळीला गोठली. लढाईनंतर घरांची टंचाई होती. गरिबाला रस्त्यावर टाकू नये हा हेतू चांगलाच होता.

पुढे काय झालं ते मुंबईकरांना सांगायला नको. भाडं इतकं थोडं की मालकाला दुरुस्ती परवडेना, मग त्याने घराकडे पाठ फिरवली. मुंबईत पागडी आली. सिंगापुरात तिला 'टी मनी', म्हणजे चहाचे पैसे, म्हणायचे. खोली सोडणारा किंवा मुख्य भाडेकरू नव्या माणसाकडून ते घ्यायचा. कागदावर भाडं दहा डॉलर, पण आत शिरायला शेकडो मोजायचे. मालक आणखी लांब गेला, मधला माणूस आणखी जाडजूड झाला.

सिंगापूरने यातून वाट काढली ती वेगळी. १९६० साली हाउसिंग बोर्ड निघालं, पुढच्याच वर्षी बुकित हो स्वीची मोठी आग लागली, आणि झोपडवस्त्यांच्या जागी उंच इमारती झपाट्याने उभ्या राहिल्या. १९६४ पासून लोकांना ती घरं विकतही मिळू लागली, आणि १९६८ पासून प्रॉव्हिडंट फंडातून त्यांचे पैसे भरता येऊ लागले. जुना भाडेनियंत्रण कायदा १ एप्रिल २००१ रोजी संपला. आज इथले बहुतेक नागरिक स्वतःच्या घरात राहतात. त्यामुळे भाड्याने राहणारा माणूस बहुतेकदा बाहेरून आलेला असतो: नर्स, इंजिनिअर, विद्यार्थी, बांधकामावरचा मजूर. आणि पुष्कळदा मालकाला त्याची भाषाही येत नाही.

आजचा एजंट नेमकं काय करतो

पूर्वी इथे घर-एजंटांना परवाना मिळायचा तो मालमत्तेची किंमत ठरवणाऱ्यांच्या आणि घर-एजंटांच्या एकत्र कायद्याखाली.  २०१० साली वेगळा कायदा झाला आणि एजंटांवर देखरेख करणारी सरकारी कौन्सिल निघाली. आज इथे तीस हजारांहून जास्त नोंदणीकृत एजंट आहेत. नोंदणी क्रमांक कुणालाही तपासता येतो. एकाच सौद्यात एका एजंटाने दोन्ही बाजूंचं काम करायचं नाही. आणि हाउसिंग बोर्डाच्या घराचं भाडं किंवा अनामत एजंटाने हातात घ्यायची नाही, ती सरळ मालकाकडे जाते. खोताच्या आणि मुख्य भाडेकरूच्या हातात जे होतं, ते नेमकं इथे काढून घेतलं आहे.

मग मालक त्याला दलाली का देतो? कारणं साधी आहेत.

पहिलं, कायद्याची तपासणी. परदेशी माणसाला घर द्यायचं तर त्याचा मूळ पास बघायचा, पासपोर्टशी ताडून बघायचा आणि तो खरा आहे का हे सरकारी खात्याकडून पडताळायचं, ही जबाबदारी मालकाची. चुकलं तर शिक्षा मालकालाच होऊ शकते. बोर्डाच्या घरात परदेशी भाडेकरूंची मर्यादा ठरलेली असते, तीही बघावी लागते.

दुसरं, कागदपत्रं. खासगी घर तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीने आणि बोर्डाचं घर सहा महिन्यांपेक्षा कमी मुदतीने देता येत नाही. करारावर स्टॅम्प ड्युटी भरायची असते, चार वर्षांपर्यंतच्या कराराला एकूण भाड्याच्या ०.४ टक्के, आणि ती भाडेकरू भरतो. नोकरी गेली तर करार मोडायची अट, भिंतींच्या डागांची यादी, एअरकंडिशनरची सफाई, सगळं लिहून घ्यावं लागतं.

तिसरं, वेळ. मालक स्वतः नोकरीवर असतो, किंवा परदेशात.

चौथं, भांडण. दोन वर्षांपर्यंतच्या राहत्या घराच्या करारातलं भांडण इथे लहान दाव्यांच्या न्यायाधिकरणात वकिलाशिवाय नेता येतं, पण तिथवर जाण्याआधी मध्ये कुणीतरी थंड डोक्याने बोलणारं असलं तर बरंच मिटतं. आम्ही वॉर्डात हेच केलं. डॉक्टर आणि नातेवाईक एकमेकांवर तापले की मध्ये सिस्टर.

ही चारही कारणं खरी आहेत. फोनवर आम्ही ही चारच सांगितली होती. पाचवं सांगितलं नाही.

'नाही' कोण म्हणणार?

आम्ही इथे आलो तेव्हा घर शोधायला लागलो. फोनवर एजंटाने पहिला प्रश्न विचारला तो पगाराचा नाही, देशाचा. "इंडियन? स्वयंपाक करता?" आम्ही म्हटलं, करतो. जरा थांबून तो म्हणाला, "सॉरी, मालकाला चालणार नाही." आमचे यजमान म्हणाले, सांग त्याला आम्ही यहुदी आहोत. एजंट गोंधळला. "यहुदी? पण नाव तर इंडियन." आडनावाच्या शेवटी 'कर', खाणं नारळाच्या रसातलं, बोलणं मराठी, आणि यहुदी! त्या बिचाऱ्याच्या वहीत असा रकानाच नव्हता. असे सहा-सात नकार आले. एकाही मालकाने आम्हाला तोंडावर नाही म्हटलं नाही. एकाही मालकाला आम्ही पाहिलंच नाही.

हे आमच्या एकट्याचं गाऱ्हाणं नव्हे. जाहिरातींत 'इंडियन नको, चिनी नको' असं सरळ छापलेलं असायचं. २०१४ साली बीबीसीनेही त्यावर बातमी केली. एजंटांच्या कौन्सिलने अशा जाहिराती देऊ नयेत असं बजावलं आहे. पण जाहिरातीत नसलं तरी फोनवर असतंच. शेवटी आम्हाला घर दिलं ते एका चिनी आजीबाईंनी. त्यांनी एजंटाला बाजूला बसवून स्वतः विचारलं, "हळदीचे डाग पुसणार का?" आम्ही म्हटलं, पुसू. पाच वर्षं राहिलो. डाग पुसले.

आता आमचीही गोष्ट सांगितली पाहिजे, नाही तर हा लेख अर्धाच खरा होईल.

सासूबाई गेल्यानंतर ठाण्याची खोली आमच्याकडे आली. आम्ही एका दलालाला सांगितलं, "चांगली माणसं बघ." एवढंच. चांगली म्हणजे कशी, ते त्याने विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. भाडं वेळेवर यायचं, आम्ही खूश. तीन-चार वर्षांनी सुट्टीवर गेलो तेव्हा शेजारच्या काकूंनी सहज सांगितलं, "मध्ये दोन मुली आल्या होत्या गं, इस्पितळातल्या नर्सा, लातूरकडच्या. दलालाने परत पाठवल्या. नाइट ड्युटीच्या मुली, रात्री-अपरात्री येणार-जाणार, मालकीणबाईंना चालणार नाही म्हणाला."

मालकीणबाई म्हणजे आम्ही. आम्ही सारा जन्म नाइट ड्युटी केली.

दलालाला फोन केला तर तो शांतपणे म्हणाला, "ताई, तुम्हीच म्हणालात ना, चांगली माणसं बघ." त्याचं काही चुकलं असं म्हणता येईना. आमच्या दोन शब्दांत त्याने जगाचं मत भरलं आणि ते आमच्या नावावर खपवलं. त्या मुलींनाही मालक दिसला नाही. आमच्या आजीला दिसला नव्हता, आम्हाला दिसला नव्हता, तसाच.

म्हणून आमच्या मते मध्ये माणूस ठेवण्याचं पाचवं कारण हे: मालकाला 'नाही' म्हणायचं असतं, पण म्हणताना दिसायचं नसतं. आणि कधी कधी तर आपण 'नाही' म्हटलंय हे त्याला स्वतःलाही कळत नाही.

मग करावं काय?

अश्दोदच्या बाईंना आणि आपल्यासारख्या सगळ्यांना आमचं म्हणणं असं. मुंबई-ठाण्यात खोली असेल आणि आपण हैफा, टोरांटो किंवा सिडनीत असाल, तर मध्ये कुणीतरी लागणारच. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी करून नोंदवणं सक्तीचं आहे, आणि ती जबाबदारी मालकाची. १९९९ च्या कायद्याप्रमाणे करार नोंदवला नसेल तर भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. भाडेकरूची पोलीस पडताळणी असते. परदेशात राहणाऱ्या मालकाच्या भाड्यातून भाडेकरूने कर कापायचा असतो. हे सगळं दुरून होत नाही. कुलमुखत्यारपत्र द्यायचं तर विश्वासाच्या माणसाला द्या, आणि त्यात फक्त भाड्याचा कारभार लिहा, विक्रीचा अधिकार देऊ नका. भाडं सरळ आपल्या खात्यात घ्या.

पण तीन गोष्टी दलालावर सोडू नका. कुणाला 'नाही' म्हणायचं ते स्वतः ठरवा आणि कारण विचारा. करार करण्याआधी भाडेकरूशी एकदा तरी बोला, आता व्हिडिओ कॉल फुकट आहे. आणि आपला फोन नंबर त्याच्याकडे ठेवा, छप्पर गळलं तर त्याने आपल्याला सांगावं म्हणून.

आमच्या खोलीत आता दोन नर्सा राहतात. त्याच मुली नव्हेत, त्या कुठे गेल्या ते कळलं नाही. या दुसऱ्या, एक सोलापूरची, एक केरळची. मागच्या पावसाळ्यात त्यांचा रात्री अडीच वाजता मेसेज आला, स्वयंपाकघरात पाणी गळतंय म्हणून. इथे पहाटेचे पाच वाजले होते. आम्ही जागेच होतो. जन्मभराची सवय.

शालोम.